सेकंदाला पाचशे

सुलक्षा तळकर केरीहून आली तेव्हा
म्हापशात लाइट येऊन-जाऊन होती.
फोन काउंटरवर ठेवत म्हणाली,
"भाऊ तारवटी. बोटीवर नेट मोजून मिळतं,
सोळा एमबीच्या वर काही उतरत नाही.
तेवढ्यात बसवा. पण बाबाची बोटां दिसपाक जाय."

तीन मिनिटे वीस सेकंद. तीनशे ऐंशी एमबी.
सोप्यावर एक म्हातारा, मांडीवर घुमट,
मागे सुरूची झाडे, त्यांच्यामागे समुद्र, भर वाऱ्याचा.
डावा हात घुमटाच्या तोंडाशी उघडझाप करतो.
उजवा शिगम्यापासून मेलेला,
त्याची दोन बोटे परवापासून कातड्यावर पडू लागलीत.

हिशेब शाळेतलाच:
सोळाला आठाने गुणा, दोनशेने भागा,
सेकंदाला सहाशे चाळीस किलोबिट.
त्यातले एकशे अठ्ठावीस आवाजाला,
घुमटाचा खर्ज पत्र्यासारखा वाजला तर पाठवायचे कशाला?
बारा डब्याच्या काठाला सांडायला ठेवले.
उरले पाचशे.
पाचशेत एका सेकंदाचे जग भागवायचे.

मशीन वाईट नाही, चिक्कू आहे.
जे हलते त्यालाच पैसे देते.
भिंत हलली नाही? मघाचीच भिंत वापर.
खांब? तोच.
म्हातारा तर बहुतेक वेळ भिंतीतच जमा.
समुद्र मात्र उधळ्या,
दर लाट नवी, दर लाटेचे वेगळे बिल,
आणि सुरूची एकेक सुई स्वतंत्र हात पसरते.
पहिल्या खेपेला पाचशेतले चारशे त्यांनीच नेले.
म्हाताऱ्याला आले चौकोन,
कपाळावर चौकोन, बनियनवर चौकोन,
आणि बोटांपाशी मशीनने ठरवून टाकले:
बदल नाही.

"बांबोळीच्या कागदावर पण हेच लिहिलेलं," सुलक्षा म्हणाली.

मग म्हणाली, वाढवा की थोडं.
म्हटले, वाढवतो, पण मग तुमचा भाऊ
रात्रभर ते गोल चाकच फिरताना बघेल.
चित्र लहान केले. आणखी लहान केले.
बोटे दोन तांदळांएवढी झाली.
कडा कापू म्हटले, तर नको,
सोप्याला नवा तांबडा रंग काढलाय, तो दिसू दे.

एवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर कण्हला.
मी म्हाताऱ्याभोवती हाताने रेघ ओढली
आणि रेघेपलीकडचे सगळे धुरकट करून टाकले.
सुया गेल्या. लाटा गेल्या.
राहिला नुसता एक करडा पट्टा, ज्याला काही मागायचे नव्हते.

"समुद्र पुसलात," ती म्हणाली.
मी सफाई द्यायला तोंड उघडले,
तोवर तीच, "असू दे. त्याच्याकडे आहे तो.
सहा महिने तेवढंच आहे."

नंतर दोन फेऱ्या लावल्या.
पहिल्या फेरीत मशीन फक्त बघते, दमडी खर्चत नाही:
म्हातारा कुठे कुठे गप्प आहे,
कुठे नुसता घुमटाकडे पाहत बसलाय,
आणि दोन मिनिटे एक्केचाळीसला काय होते.
दुसऱ्या फेरीत गप्प जागांतून वाचवलेले
सगळे तिथे आणून ओतते.

पंधरा पूर्णांक सहा.
मूळ फाइल पुसू नका, मी दोनदा सांगितले.
फोन भरलाय म्हणाली. मी माझ्याकडे उतरवून घेतली.

चौथ्या दिवशी तिने उत्तर पुढे पाठवले.
उदेश विचारतो, केरीला धुके पडलेय काय?
आणि खाली एक ओळ:
बाबाला सांग, दुसऱ्या बोटाचा ठोका उशिरा येतो.

दुकान बंद करता करता मी परत लावून पाहिले,
धुरकट आधी, मग मूळ, समुद्रासकट.
उशिराच येतो.